या दुकानात फक्त मी चावतो

मी एक जुना चिमटा आहे. स्वयंपाकघरातला नव्हे, आणि दोरीवर ओले कपडे धरून लोंबकळणाराही नव्हे. मी कागदाचा चिमटा आहे, लोखंडी आणि तळहाताएवढा रुंद. माझ्या पाठीवर गंज चढला आहे, एका कडेचा मुलामा उडाला आहे आणि कपाळाला एक भोक आहे, त्यातून मला खिळ्याला टांगतात. हे सगळे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मित्रांनो, तुम्ही माझी कीव करायला बसणार नाही. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगू लागल्या की शेवटी डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, "आम्हाला जपा हो." मी तसे काही म्हणणार नाही. ज्या दिवसांत आमच्या दुकानात जपाजपी सुरू झाली, त्याच दिवसांत दुकान बुडायला आले होते. तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्याचे दोन तुकडे यंत्राखाली दाबले, मध्ये पीळ घातलेली तार बसवली आणि मला दोन जबडे मिळाले. तिथे एका बाईचे काम एवढेच होते, की प्रत्येक चिमटा अंगठ्याने एकदा उघडून पाहायचा. सैल निघाला तर भंगारात, घट्ट निघाला तर खोक्यात. माझ्यावर तिने दोनदा जोर लावला, तेव्हा कुठे मी तोंड उघडले. "हा मेला भलताच ताठ आहे," असे म्हणत तिने मला खोक्यात टाकले. ही माझी पहिली शाबासकी, आणि ती मी अजून विसरलेलो नाही.

मग मी एका स्टेशनरीच्या दुकानात गेलो. मित्रांनो, तसले दुकान तुम्ही पाहिलेच असेल. शाईच्या बाटल्या, एकावर एक रचलेल्या वह्या, पेन्सिली तासल्यावर येणारा तो लाकडाचा वास. मोठमोठी माणसे तिथे येऊन लहान व्हायची. कोणी वहीत नाक खुपसून वास घ्यायचे, कोणी पानावरून हात फिरवायचे, आणि पेन चालते का ते पाहण्यासाठी ठेवलेल्या कागदावर प्रत्येक जण स्वतःची सहीच करायचा. एक गृहस्थ तर दर काही महिन्यांनी सर्वांत महागडी वही घेऊन जायचे. दुकानदार विचारायचे, "मागची भरली वाटतं?"

"छे हो, ती फार छान आहे. काहीतरी तसंच छान सुचलं की लिहीन म्हणतो."

"आणि ही?"

"हीसुद्धा छान आहे ना!"

ते गेल्यावर दुकानदार नोकराकडे पाहून डोळे मिचकावायचे. मीही मनात हसायचो, पण ते हसू पुढे माझ्याच अंगाशी येणार होते.

एके दिवशी एक बाई आली. हाताला चामड्याचा रंग, नखांत चिकटवायचा डिंक. तिने माझा जबडा उघडला, आपले बोट आत घातले आणि सोडले. मी कडकडून चावलो. "आई गं!" म्हणून ती ओरडली आणि लगेच म्हणाली, "हाच द्या."

ती आत्या. बूट बनवायची. तिच्या भावाची मुले तिला आत्या म्हणत, म्हणून सगळा रस्ताच तिला आत्या म्हणू लागला होता. तिच्याकडे येणारे पाय दुकानातल्या तयार बुटांत न बसणारे. एकाचे पाऊल आत वळलेले, एकाचे बोट गमावलेले, एकाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड. नवा बूट चावायचाच, असे सगळे धरून चालतात. आत्याच्या दुकानाची मात्र एकच बढाई होती, की आत्याचा बूट चावत नाही. ही बढाई तिने कोठेही रंगवून लावली नव्हती. लोकच एकमेकांना सांगत.

आणि ती बढाई माझ्या जबड्यात होती, हे मी छाती फुगवून सांगतो.

ते कसे, ऐका. आत्याकडे एक लाकडी फळी होती. फळीच्या वरच्या कडेला मी, माझ्या तोंडात कागद. गिऱ्हाइकाने अनवाणी त्या कागदावर उभे राहायचे. "बसायचं नाही. बसलेलं पाऊल खोटं बोलतं," असे आत्या प्रत्येकाला दरडावून सांगे. मग ती गुडघ्यांवर बसून पावलाभोवती पेन्सिल फिरवायची, आणि पाऊल उभे असतानाच त्याच्या आजूबाजूला जे दिसेल ते लिहायची. आडवे, तिरके, कोपऱ्यात, बोटांच्या मध्ये. "टाच बाहेर घासते." "जिना चढून आली, अजून धापा." "हसला की वजन उजवीकडे." "अंगठ्याला जुनं दुखणं, सांगत नाही." ते अक्षर इतके वेडेवाकडे होते, की कोंबडीसुद्धा पाय देताना विचार करील. पण तिचा भाऊ, ज्याला आम्ही सगळे भाऊच म्हणू, तो ते झरझर वाचायचा आणि त्याप्रमाणे चामडे कापायचा. लिहिणारीला आणि वाचणाऱ्याला कळले की झाले.

कागद म्हणाल, तर पाठकोरे. एका बाजूला काहीतरी छापलेले, दुसरी बाजू कोरी. शेजारच्या छापखान्यातून वाया गेलेली पत्रके यायची, वरच्या मजल्यावरच्या कचेरीतून जुनी परिपत्रके. तेही संपले, तर जुन्या गिऱ्हाइकाच्या पावलाचा कागद उलटा करून वापरायचा. तसे करताना एकच नियम होता. जुन्या बाजूवर एक मोठी तिरपी काट मारायची, म्हणजे ती बाजू मेली. भाऊने एकदा विचारले होते, "ताई, चांगली वही का आणत नाहीस?" तेव्हा आत्या म्हणाली होती, "फुकटच्या कागदाची भीती वाटत नाही बघ. मनात आलं की हात चालतो."

आता नियम म्हटला की तो एक दिवस मोडतोच. एका मुख्याध्यापकांचे पाऊल आखले, ते एका पहिलवानाच्या जुन्या कागदाच्या पाठीवर. काट मारायची राहून गेली. मध्ये आत्याने कागद काढून कोणाला तरी दाखवला आणि परत माझ्या तोंडात दिला तो उलटा. भाऊने पहिलवानाचे पाऊल पाहून कापले. मुख्याध्यापक आले, बुटात पाय घातला, मग गंभीर चेहऱ्याने दुसरा पायही त्याच बुटात घातला आणि म्हणाले, "आत्या, माझ्याबरोबर आणखी कोणी राहायला येणार आहे का?"

सगळे हसले. त्यांना नवा बूट करून दिला. पण खापर कोणावर तरी फुटायला हवे होते, ते माझ्यावर फुटले. भाऊ म्हणाला, "या चिमट्यानं उलटा धरला." मित्रांनो, मी आजही ठणकावून सांगतो, मी उलटा धरला नाही. मला उलटा दिला. दिलेले घट्ट धरणे हे माझे काम, आणि ते मी चोख केले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

ही हकिकत घरात चवीने सांगितली जायची. पुढे भाऊच्या मुलाचे लग्न झाले आणि सूनबाई घरात आली, तेव्हा तिनेही ती ऐकली. सगळे हसले, पण ती हसली नाही. ती आधी एका कचेरीत काम करायची. तिच्या पिशवीत चार रंगांच्या पेन्सिली, एक पट्टी, एक खोडरबर आणि पानांना चिकटवायच्या रंगीत पट्ट्या असत. टोक केलेली पेन्सिल पाहिली की तिचा चेहरा उजळायचा. मुलगी मनाने फार चांगली, हे मी शत्रू असूनही कबूल करतो.

एके दुपारी ती दुकानात आली आणि तिने आत्यापुढे एक वही ठेवली. कापडी बांधणीची, गर्द निळी. आत सायीच्या रंगाची जाड पाने, पानात घालायला रेशमी फीत, आणि सोबत शाईचे पेन.

"आत्या, तुम्ही एवढ्या मोठ्या कारागीर, आणि लिहिता कशावर? वाया गेलेल्या पत्रकांच्या पाठीवर! तुमच्या हाताला शोभेल असं काहीतरी नको का?"

आत्याने हात पुसले. वही उघडली. पानावरून बोट फिरवले, मग इकडे तिकडे पाहून हळूच वास घेतला. तिच्या तोंडावर जे आले, ते मी त्या स्टेशनरीच्या दुकानात शेकडो तोंडांवर पाहिले होते.

"अगं, केवढी सुंदर आहे," ती म्हणाली. "कोणी मला असलं काही दिलंच नव्हतं."

मी त्या वहीचा राग राग केला. पण खोटे कशाला बोलू, कागद देखणा होता. शाई त्याच्यावर जराही फुटत नव्हती. तसला कागद जन्मात एकदा तरी माझ्या तोंडात यावा, असे मलाही वाटून गेले.

पाठकोऱ्यांचा गठ्ठा रद्दीत गेला. फळी भिंतीला टेकवून ठेवली. मी वाकड्या खिळ्यांच्या आणि तुटक्या सुयांच्या डब्यात पडलो. डब्याला झाकण नव्हते, म्हणून पुढचे सगळे मी पाहिले.

आत्याने वहीचे पहिले पान कोरे सोडले. म्हणे, सुरुवातीलाच खराब नको. दुसऱ्या पानापासून पट्टीने रेघा मारल्या. नाव, लांबी, रुंदी, घेर. गिऱ्हाईक आले की ती उठून हात धुवायची, कारण डिंकाचा डाग पडला असता. हात कोरडे होईपर्यंत डोळ्यांना दिसलेले निम्मे विसरायचे. त्या पानावर कोणाला उभे करणार? कोणाची छाती होणार? म्हणून गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून टेपने माप घ्यायचे, आणि वही मांडीवर ठेवून सुंदर अक्षरात आकडे लिहायचे. "हसला की वजन उजवीकडे" असले काही त्या रेघांमध्ये बसत नव्हते. एकदा तिने पेन उचलले, काहीतरी सुचले होते, मग पानाकडे पाहिले आणि पेन खाली ठेवले. मला डब्यातून ओरडावेसे वाटले, "लिही की! कागदच आहे तो!"

भाऊ वही पाहून कापायचा. एकदा एवढेच म्हणाला, "ताई, अक्षर छान आहे गं. पण माणूस दिसत नाही."

"आकडे बरोबर आहेत ना?"

"आकडे बरोबर आहेत."

मग बूट परत यायला लागले. पहिल्यांदा एक परिचारिका आली. संकोचून म्हणाली, "आत्या, जरा चावतोय. माझाच पाय सुजला असेल." आत्याने तो साच्यावर चढवून सैल करून दिला. मग एक म्हातारे आले. मग कोणी आलेच नाही, आणि ते त्याहून वाईट होते. समोरच्या फुलवालीने कोणाला तरी सांगताना मी ऐकले, "आत्याचं आता वय झालं." आत्यानेही ते ऐकले. त्या दिवशी ती आपल्याच हातांकडे कितीतरी वेळ पाहत बसली होती. तिला वाटू लागले होते, की आपला हात गेला.

आणि मग एका सकाळी वाढपी आला.

हा आमचा जुना माणूस. डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटांच्या रुंदीइतका आखूड. आत्या त्याच्या डाव्या बुटात कॉर्कचा थर घालायची आणि तो चालू लागला की कोणाच्या लक्षातही यायचे नाही. मोठ्या हॉटेलात तो आतल्या बाजूला काम करी. नुकतीच त्याला पुढच्या दालनात बढती मिळाली होती, म्हणून नवे काळे बूट करून नेले होते. आज तो दारातून लंगडत आला.

"आत्या, चावतोय," तो म्हणाला. खुर्चीवर बसून त्याने मोजा काढला. करंगळी सोलून निघाली होती. "मालक म्हणाले, लंगडणारा माणूस पुढं नको, पाहुण्यांचं लक्ष जातं. उद्या दुपारी मोठी मेजवानी आहे. उद्या नीट चाललो तर ठीक, नाहीतर मागं भांडी घासायला. सगळ्यांना सांगून बसलोय हो, आत्याचा बूट आहे म्हणून."

आत्याने वही उघडली. आकडे ताडून पाहिले. टेपने पुन्हा मोजले. एकही चूक नव्हती.

"माप बरोबर आहे," ती म्हणाली. "मग माझंच काहीतरी गेलं."

भाऊने रापी खाली ठेवली. चामडे कापायची ही रापी त्याच्या हातातून काम चालू असताना मी कधी सुटलेली पाहिली नव्हती. "ताई," तो म्हणाला, "तू त्याला उभं केलंस का?"

सूनबाई काउंटरवर होती, ती हातातले काम टाकून पुढे आली.

"उठ रे," आत्या वाढप्याला म्हणाली. "बसलेलं पाऊल खोटं बोलतं. पुढच्या दालनात ताट कसं धरतोस, दाखव."

"आत असताना दोन्ही हातांनी धरायचो. आता डाव्या हातावर, खांद्यापाशी." सूनबाईने झटकन फळीवर पॉलिशचे डबे रचले आणि ते ओझे त्याच्या हाती दिले. तो उभा राहिला, आणि सगळ्यांना दिसले. सगळा भार डाव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर जात होता, अगदी करंगळीवर.

"हलू नकोस!" आत्या ओरडली. "कागद! कागद द्या!"

कागद कुठला? पाठकोरे रद्दीत गेले होते. आत्याचे डिंकाने भरलेले हात हवेत तसेच राहिले. मग तिने ती निळी वही ओढली, पहिले कोरे पान धरले आणि टर्रकन फाडले.

मित्रांनो, तो आवाज मी जन्मभर विसरणार नाही. सूनबाईच्या तोंडून "आत्या!" एवढेच निघाले.

"पोरी, रागावू नकोस. वही फार सुंदर आहे. म्हणूनच मी तिला घाबरले. भिऊन लिहिलं की असं होतं बघ." वाढप्याच्या हातातले डबे सूनबाईने खाली घेतले आणि फळी रिकामी करून जमिनीवर टेकवली. आत्या म्हणाली, "आता हा कागद सरकायला नको. माझा चिमटा कुठाय?"

सूनबाईनेच मला डब्यातून काढले. खिळे, सुया झटकल्या. आत्याने सवयीने माझ्या तोंडात बोट घातले. इतके दिवस डब्यात पडून गंजलो होतो, सगळ्यांनी मला मेल्यात जमा धरले होते. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी असा चावलो की ती किंचाळली.

"आई गं! दात शाबूत आहेत याचे!" आणि ती हसली. कित्येक दिवसांनी हसली.

तो सायीच्या रंगाचा जाड कागद माझ्या तोंडात आला. वाढपी त्यावर अनवाणी उभा राहिला, डब्यांचे ओझे आता एका लाकडी खोक्याच्या झाकणावर घेऊन. आत्याची पेन्सिल फिरू लागली. डिंकाचे डाग पडले, घामाचा ठसा उमटला. तिने करंगळीशी लिहिले, "ताट इथं उभं राहतं." टाचेशी लिहिले, "घाबरलाय, म्हणून ताठ." कडेला एक वाकडी रेघ मारून लिहिले, "कॉर्क इकडून उतरता." भाऊने कागद पाहिला आणि कोणाला काही न विचारता कामाला लागला. वाढपी दुपारभर अनवाणी बसून राहिला. दिवेलागणीला तो त्या बुटांत रस्ता ओलांडून गेला, आणि आम्ही सगळे त्याच्या पायांकडे पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपार टळली तरी तो आला नाही. आत्या दोनदा दारात जाऊन आली. संध्याकाळी दारात वाढपी दिसला, आणि त्याच्या मागे एक जाडजूड गृहस्थ. ते हॉटेलचे मालक होते. वाढपी खुर्चीवर न बसता सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "नाही चावला."

आत्याचा जीव भांड्यात पडला. मालक घसा खाकरून म्हणाले, "जरा माझाही पाय बघाल का? फार दिवस दुखतोय," आणि खुर्चीकडे वळले.

"बसू नका," आत्या म्हणाली. "उभे राहा." आणि तिने वहीतले आणखी एक कोरे पान फाडले.

त्या वहीची सगळी पाने हळूहळू माझ्या तोंडातून गेली, आणि नंतर त्यांच्या पाठीही. पुढे पाठकोऱ्यांचा गठ्ठा पुन्हा सुरू झाला. सूनबाई दोन दिवस रुसली होती. तिसऱ्या दिवशी तिने एक जाड लाल पेन्सिल आणली, उत्तमातली उत्तम, आणि दोरीने माझ्याशेजारी बांधली. "आत्या, जुन्या बाजूवर काट मारायची राहिली की मी ओरडणार," ती म्हणाली. तेव्हापासून पहिलवान आणि मुख्याध्यापक यांची गल्लत झालेली नाही. ती पेन्सिल आता बोटभर उरली आहे आणि आमची चांगली मैत्री आहे.

आता सूनबाईच दुकान पाहते. तिचे अक्षरही हल्ली कोंबडीच्या वळणावर गेले आहे. मध्यंतरी कोणीतरी तिला सुचवले, की हा जुना चिमटा पॉलिश करून काचेच्या कपाटात ठेवा, आठवण म्हणून. तिने मला हातात घेतले, क्षणभर विचारही केला. मी तिच्या अंगठ्याला असा कडकडून चावलो, की तिने मला तिथल्या तिथे खिळ्याला परत टांगले. मी मोडेन, पण कपाटात बसणार नाही.

मित्रांनो, तुमच्याही कपाटात एक छान वही असेल. कोणीतरी प्रेमाने दिलेली, फार चांगली म्हणून कोरी ठेवलेली. तिला जपू नका. उद्या सकाळी तिचे पहिले पान खराब करा. हात न धुता करा, वाकड्या अक्षरात करा, जे दिसेल ते लिहा. अगदीच धीर होत नसेल तर टर्रकन फाडा आणि माझ्याकडे घेऊन या, मी घट्ट धरतो. फक्त बोट सांभाळा. या दुकानातले बूट कोणालाही चावत नाहीत, चावायचा हक्क एकट्या माझा आहे.